ड्रॅग रेसिंग चालक व्हायचंय? पहिल्या टाइम स्लिपपासून प्रोफेशनल सीटपर्यंतची वाट

या खेळाकडे येणारे बहुतेक जण एखाद्या चार सेकंदांच्या व्हिडिओमुळे येतात. दिवा हिरवा होतो, ज्वाळा दिसतात आणि टॉप फ्युएल गाडी नजरेआड होते. ते बघून वाटतं की इथे लागतं ते फक्त धाडस. धाडसी माणसं ट्रॅकवर पोत्याने मिळतात. टीमचा मालक शोधत असतो तो दर वेळी तीच गोष्ट त्याच पद्धतीने करणारा माणूस. गाडीतून उतरल्यावर नेमकं काय झालं हे त्याला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि ज्याच्या नावाचा स्टिकर गाडीवर आहे त्या कंपनीच्या पाहुण्यांशी तासभर नीट बोलताही आलं पाहिजे. मी ब्रॅकेट रेसिंगमधून, म्हणजे अगदी तळातून शिकत वर आले. सुरुवातीला मला कुणी क्रमाने सांगितलं नाही ते इथे सांगते आहे.

हा खेळ अनेक देशांत चालतो. युरोपात एफआयए या जागतिक मोटार संघटनेची मालिका आहे, इंग्लंडमध्ये सँटा पॉडचा ट्रॅक आहे, ऑस्ट्रेलियात विलोबँकचा आहे. पण चालक म्हणून पोट भरण्याची शक्यता मुख्यतः अमेरिकेतल्या एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) मालिकेत आहे. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. म्हणून नियम आणि आकडे मी तिथलेच दिले आहेत.

१. आधी खेळ नीट समजून घ्या

दोन गाड्या, सरळ ट्रॅक, उभ्या जागेवरून सुरुवात. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. बरेच छोटे ट्रॅक याच्या निम्म्या अंतराचे, अष्टमांश मैलाचे असतात. टॉप फ्युएल आणि फनी कार या नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) या इंधनावर धावणाऱ्या वर्गांचं अंतर मात्र २००८ पासून १,००० फूट आहे. त्या वर्षी जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनच्या ट्रॅकवर फनी कार चालक स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून शर्यतच ३२० फुटांनी कमी केली गेली.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. इथे दोन वेगळी घड्याळं चालतात. दिवा हिरवा झाल्यापासून तुमचं चाक हलेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम. चाक हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ म्हणजे ईटी. ईटीमध्ये रिॲक्शन टाइम धरत नाहीत. त्यामुळे ज्याची ईटी कमी, तोच जिंकतो असं नाही. समोरच्याची गाडी एक शतांश सेकंदाने वेगवान असली तरी तुम्ही दोन शतांश आधी निघालात तर शर्यत तुमची. याला होलशॉट विन म्हणतात. टीममालकाला सर्वांत आवडणारा विजय हाच, कारण तो पूर्णपणे चालकाचा असतो.

२. कोणत्या वर्गात शिरायचं ते ठरवा

वर्गांची यादी लांबलचक आहे, पण नवख्याने तीन थर ओळखले तरी पुरे.

वरचा थर प्रोफेशनल. त्यात चार वर्ग येतात: टॉप फ्युएल, फनी कार, प्रो स्टॉक आणि प्रो स्टॉक मोटरसायकल. टॉप फ्युएलच्या ५०० घनइंची इंजिनाची ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या घरात मानली जाते, इंधनात ९० टक्के नायट्रोमिथेन असतं आणि वेग ताशी ३३० मैलांच्या, म्हणजे ५३० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रो स्टॉक गाडी सुपरचार्जरशिवाय (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाशिवाय) चालते आणि साडेसहा सेकंदांच्या आसपास पाव मैल तोडते. तिथे गिअर चालक स्वतः बदलतो, त्यामुळे हाताची सफाई दिसते. नायट्रो गाडीत गिअर बदलणं नाहीच. क्लचच्या चकत्या किती वेळाने किती घट्ट व्हाव्यात हे क्रू चीफ, म्हणजे टीमचा मुख्य तंत्रज्ञ, आधीच ठरवून देतो.

मधला थर स्पोर्ट्समन. स्टॉक, सुपर स्टॉक, सुपर गॅस, सुपर कॉम्प, टॉप अल्कोहोल ड्रॅगस्टर असे बरेच वर्ग यात येतात. सुपर कॉम्पमध्ये ८.९० सेकंद आणि सुपर गॅसमध्ये ९.९० सेकंद हा ठरलेला आकडा असतो. त्याच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, पण त्याखाली गेलात तर बाद. स्पोर्ट्समन नावावरून हौशी वाटतात, पण इथले चालक अतिशय तयारीचे असतात. शॉन लँगडन २००७ आणि २००८ मध्ये सुपर कॉम्पचे पूर्ण मोसमाचे विजेते होते. २०१३ मध्ये ते टॉप फ्युएलचे विजेते झाले.

तळाचा थर म्हणजे तुमच्या जवळच्या ट्रॅकवरचं ब्रॅकेट रेसिंग. सुरुवात इथूनच करा.

घरात पाच ते सतरा वयाचं मूल असेल तर १९९२ पासून चालू असलेली ज्युनियर ड्रॅग रेसिंग लीग बघा. गाड्या निम्म्या आकाराच्या आणि एका सिलिंडरच्या असतात, अंतर जास्तीत जास्त अष्टमांश मैल, आणि वयानुसार वेळेची मर्यादा घातलेली असते. एरिका एंडर्स यांची सुरुवात याच गाड्यांतून झाली. पुढे प्रो स्टॉकमध्ये शर्यत जिंकणारी पहिली स्त्री (२०१२) त्या ठरल्या आणि सहा वेळा त्या वर्गाच्या विजेत्या झाल्या.

३. टेस्ट अँड ट्यूनची पहिली रात्र

बहुतेक ट्रॅक ठरावीक दिवशी कुणालाही आपली रोजची गाडी आणून धावू देतात. याला टेस्ट अँड ट्यून म्हणतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं, फक्त सराव. खास गाडी विकत घेण्याआधी इथे काही वेळा जाऊन या. सुरुवातीलाच ड्रॅगस्टर घेऊन मग तो वर्षभर ताडपत्रीखाली ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

सोबत न्यायचं:

- वाहन चालवण्याचा वैध परवाना
- वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांच्या सहीचं संमतीपत्र. ट्रॅकचा नमुना आधीच मागवून घ्या, काही ठिकाणी ते नोटरी केलेलं लागतं
- हेल्मेट. १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) प्रमाणित हेल्मेट सक्तीचं आहे
- पूर्ण लांबीची पँट, बाह्यांचा शर्ट, बंद बूट
- टायरमधली हवा मोजायचा गेज, टॉर्क रेंच, काचेवर नंबर लिहायला पांढरं शू पॉलिश
- वही आणि पेन

गेटवर जबाबदारीच्या कागदावर सही होते. मग टेक इन्स्पेक्शन. तपासनीस बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, चाकांचे नट पूर्ण आहेत का, कुठून तेल-पाणी गळतंय का, सीटबेल्ट ठीक आहे का हे बघतो. गाडीतली सुटी वस्तू, अगदी मागच्या सीटवरची पाण्याची बाटलीसुद्धा, आधीच काढून ठेवा. त्याच्याशी वाद घालू नका, प्रश्न मात्र जरूर विचारा. तुमच्या गाडीला पुढे काय काय लागणार आहे, याचं इतकं चांगलं फुकट मार्गदर्शन दुसरीकडे मिळत नाही.

नवखे हमखास फसतात त्या जागा:

एसी बंद करा. त्याचं थेंब थेंब पाणी सुरुवातीच्या रेषेवर पडतं आणि मागच्या गाडीचं चाक त्यावर घसरतं.

बर्नआउटसाठी, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्यासाठी, जिथे पाणी टाकलेलं असतं त्या जागेला रस्त्यावरच्या टायरवाल्यांनी वळसा घालून पुढे जावं. नक्षीदार टायर खाचांमध्ये पाणी धरून ठेवतं आणि ते नेमकं रेषेवर आणून सोडतं. पाण्यातून जायचं ते गुळगुळीत स्लिक टायर असतील तर.

शेवटची रेषा ओलांडल्यावर ब्रेकवर उभे राहू नका. पुढे थांबायला भरपूर जागा असते. शेजारची गाडी कुठे आहे हे दिसल्याशिवाय तिच्या लेनमधून आडवं वळायचं नाही. सगळ्यांत भीतिदायक प्रसंग मी सुरुवातीच्या रेषेवर नाही, तर या वळणावर पाहिले आहेत.

४. ट्री: पिवळ्या दिव्यांची भाषा

सुरुवातीच्या खांबाला सगळे ट्री म्हणतात. सगळ्यात वर प्री-स्टेज आणि स्टेजचे छोटे दिवे. पुढचं चाक पहिला प्रकाशकिरण अडवतं तेव्हा प्री-स्टेज लागतो. आणखी थोडं पुढे गेलं की स्टेज. तिथे थांबायचं. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की पिवळे दिवे सुरू होतात.

ब्रॅकेट रेसिंगच्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक लागतात आणि मग हिरवा. प्रो ट्रीमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४०० सेकंदाने हिरवा. हिरव्याच्या आधी निघालात की लाल, आणि लाल म्हणजे घरी. अचूक रिॲक्शनचा आकडा .००० असा छापला जातो.

हिरव्याची वाट बघू नका. हिरवा दिसेपर्यंत थांबणारा नेहमी उशिरा निघतो, कारण डोळ्यांनी दिसणं, पायाने हलणं आणि गाडीने चाक सरकवणं या तिन्हींना वेळ लागतो. तीन दिव्यांच्या पद्धतीत शेवटचा पिवळा उजळताक्षणी निघायचं. त्यावर लाल मिळत असेल तर हातपाय बदलायच्या भानगडीत न पडता गाडीत बदल करा: पुढच्या टायरची हवा, लाँचचे आरपीएम (निघताना इंजिनाचे मिनिटाला फेरे), किंवा स्टेजच्या किरणात किती आत उभं राहायचं ते. तुमची कृती दर वेळी एकच राहिली पाहिजे.

स्टेज होण्याचा क्रमही ठरवून टाका. मी पहिल्यापासून एकच क्रम पाळते: प्री-स्टेज, थांबा, श्वास, हात-पाय जागेवर आहेत का ते बघा, मग स्टेज. समोरचा मुद्दाम रेंगाळून तुम्हाला अस्वस्थ करू पाहील. काही जण त्यात वाकबगार असतात. दोघांनी प्री-स्टेज केल्याशिवाय कुणी स्टेज करू नये हा अलिखित शिष्टाचार आहे. तो पाळा, आणि समोरच्याने पाळला नाही तरी आपला क्रम मोडू नका.

५. ब्रॅकेट रेसिंग: खरी शाळा

इथे वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या एकमेकींशी लढतात. धावण्याआधी तुमची गाडी किती वेळ घेईल याचा अंदाज काचेवर लिहायचा. तो तुमचा डायल-इन. धिम्या गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ घेतलात तर ब्रेकआउट, म्हणजे पराभव. दोघांनीही ब्रेकआउट केलं तर ज्याचं कमी अंतराने झालं तो जिंकतो.

उदाहरण घ्या. तुमचा डायल-इन ११.५०, समोरच्याचा ९.८०. तुम्ही १.७० सेकंद आधी निघता. तुमचा रिॲक्शन टाइम .०३० आणि ईटी ११.५२. त्याचा रिॲक्शन टाइम .०६० आणि ईटी ९.८१. तुमचं एकूण चुकलेलं अंतर .०५०, त्याचं .०७०. त्याची गाडी १.७१ सेकंदांनी वेगवान आणि अंदाज तुमच्याहून अचूक, तरीही दोन शतांशाने तुम्ही जिंकलात, ते फक्त दिव्यावर.

इंजिनावर पैसे ओतायच्या आधी हे गणित अंगात मुरू द्या. नवखे सगळे ताकद वाढवण्यामागे धावतात आणि दर आठवड्याला वेगळी गाडी घेऊन येतात. अशा गाडीचा डायल-इन कुणालाच सांगता येत नाही. दोन मोसम एकाच गाडीवर, शक्यतो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर काढा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पुढे ज्याच्या हातात तुम्हाला सीट देणं असेल तो तुमचा ट्रॉफीचा फोटो बघणार नाही, रिॲक्शन टाइमची वही मागेल.

शेवटच्या शंभर फुटांतही शर्यत असते. समोरच्याला किती अंतराने मागे ठेवायचं, कधी हलका ब्रेक लावायचा, कधी ॲक्सिलरेटर सोडायचा हे मागे-पुढे बघत ठरवावं लागतं. नवख्याने यात पडू नये. पहिलं वर्ष सरळ रेषेपर्यंत पूर्ण दाबून जा, नाहीतर गाडी खरी किती धावते हे तुम्हालाच कळणार नाही.

६. टाइम स्लिप वाचा आणि वही ठेवा

प्रत्येक धावेनंतर एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर रिॲक्शन टाइम, ६० फूट, ३३० फूट, अष्टमांश मैलाचा वेळ आणि वेग, १,००० फूट, आणि शेवटी पाव मैलाचा वेळ आणि वेग असतो. लोक खालचा आकडा आधी बघतात. तुम्ही ६० फुटांचा बघा. सुरुवातीला एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी त्याहून जास्त, बऱ्याचदा दीड ते दोन दशांश वाचतो. ६० फूट चांगले आणि शेवटचा वेग कमी असेल तर दोष इंजिनात शोधा. शेवटचा वेग नेहमीचा आणि ईटी वाईट असेल तर चाकं घसरली, म्हणजे दोष सुरुवातीत.

वहीत प्रत्येक धावेपुढे लिहायचं: तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, लेन, टायरमधली हवा, इंजिनाचं तापमान, लाँचचे आरपीएम, टाकीतलं इंधन. दुपारच्या उष्ण, विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि गाडी मंदावते. संध्याकाळी हवा गार झाली की तीच गाडी वेगवान होते आणि बेसावध माणूस ब्रेकआउट करतो. हवामान मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ताकद वाढवणाऱ्या कोणत्याही सुट्या भागाआधी ते घ्या.

७. सुरक्षेचं साहित्य: इथे जुनं-पुराणं चालणार नाही

गाडी जशी वेगवान होईल तशा गरजा पायरीपायरीने वाढतात. साधारणपणे ११.४९ सेकंदांपासून रोल बार, ९.९९ सेकंद किंवा ताशी १३५ मैलांपासून रोल केज आणि प्रमाणित चॅसी, १५० मैलांपासून पॅराशूट आणि २०० मैलांपासून दोन पॅराशूट. अलीकडच्या कारखान्यातून आलेल्या गाड्यांना काही सवलती आहेत. कपडे, बेल्ट आणि सीट यांवर एसएफआय या सुरक्षा साहित्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो. अंगरख्याच्या शिक्क्यावरचा शेवटचा आकडा जितका मोठा तितका आगीपासून बचाव जास्त. नायट्रो गाड्यांत २० क्रमांकाचा पोशाख वापरतात.

बेल्टवर तयार झाल्याची तारीख असते आणि दोन वर्षांनी ते बदलावे किंवा नव्याने प्रमाणित करून घ्यावे लागतात. वापरलेली गाडी विकत घेताना जाहिरातीत “सगळं नवीन” असं लिहिलेलं असतं आणि बेल्ट पाच वर्षांपूर्वीचे निघतात. हेल्मेटलाही मुदत असते. दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट कधीच घेऊ नका. ते एकदा आपटलेलं असेल तर बाहेरून कळत नाही.

हे नियम कुणाच्या तरी किमतीवर आलेले आहेत. १९७० मध्ये ड्रॅगस्टर चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा ट्रान्समिशन त्यांच्या पायांजवळ फुटला आणि त्यांच्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा ड्रॅगस्टरचं इंजिन चालकाच्या पुढे असायचं. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकायला लागली आणि काही वर्षांत जुनी रचना मोडीत निघाली. २००७ मध्ये फनी कार चालक एरिक मेडलन यांचा चाचणीतल्या अपघातानंतर मृत्यू झाला. मग फनी कारमधला डोक्याभोवतीचा पिंजरा आणि त्याचं अस्तर यांवर नव्याने काम झालं.

८. स्पर्धेचा परवाना

गाडी ९.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान धावू लागली, किंवा ताशी १३५ मैल ओलांडू लागली, की एनएचआरएचा स्पर्धा परवाना लागतो.

लागणारी कागदपत्रं:

- संस्थेचं चालू सदस्यत्व
- राज्याचा वाहन चालवण्याचा परवाना
- ठरलेल्या नमुन्यातली वैद्यकीय तपासणी, डॉक्टरांच्या सहीसह
- परवान्याचा अर्ज, साक्षीदार चालकांच्या सह्यांसह
- धावांच्या मूळ टाइम स्लिप
- शुल्क

प्रत्यक्ष चाचणी टप्प्याटप्प्याने होते. आधी गाडीत बसवून डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि सांगतील ती वस्तू हाताने दाखवायला लावतात: पॅराशूटचा दांडा, इंधन बंद करायचा दांडा, अग्निशामकाची कळ, बेल्टची कडी. धुराने काहीही दिसत नसताना हेच करावं लागतं. घरी गाडी उभी असताना डोळे मिटून रोज सराव करा, फुकट आहे.

मग धावा. आधी फक्त रेषेवरून निघून लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा, मग अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण. साधारण दोन-दोन असा हिशेब असतो, पण तपशील वर्गानुसार बदलतात. म्हणून चालू वर्षाचं नियमपुस्तक विकत घेऊन तुमच्या वर्गाचं पान वाचा. पिटमधल्या (टीम गाड्या तयार करतात त्या जागेतल्या) “माझ्या वेळी असं होतं” यावर जाऊ नका. त्या वर्गाचा परवाना असलेले अनुभवी चालक तुमच्या धावा बघून सही करतात. त्यांना आधी विचारून ठेवा. चाचणीच्या सकाळी सही करणारा शोधत फिरणं ही दिवस वाया घालवायची सोपी रीत आहे.

स्वतःची वेगवान गाडी नसेल तर ड्रॅग रेसिंग शाळा हा चांगला मार्ग आहे. १९८२ आणि १९८३ चे फनी कार विजेते फ्रँक हॉली यांची फ्लोरिडातली शाळा १९८५ पासून आहे. शाळेची गाडी आणि प्रशिक्षक मिळतात, आणि परवान्याच्या धावाही तिथेच पूर्ण करता येतात. फी जास्त वाटेल. पण एका इंजिनाच्या दुरुस्तीशी तुलना करून बघा, मग वाटणार नाही.

९. पिटमध्ये काम करा

नायट्रो टीमचा क्रू दोन फेऱ्यांच्या मधे, सव्वा तासात किंवा त्याहून कमी वेळात, पूर्ण इंजिन उघडून पुन्हा बांधतो. कुणी क्लच बघतो, कुणी सिलिंडर हेड, कुणी पिस्टन आणि बेअरिंग, कुणी पॅराशूटच्या घड्या घालतो. नवख्याला टायर, इंधन आणि साफसफाईपासून सुरुवात करावी लागते. पगार साधा आणि प्रवास अखंड. पण सीट जिथे वाटली जाते त्या खोलीच्या दाराशी तुम्ही रोज उभे असता.

याची उदाहरणं आहेत. ग्रेग अँडरसन हे प्रो स्टॉक चालक वॉरन जॉन्सन यांच्या गाडीवर काम करत होते. नंतर स्वतः चालक म्हणून प्रो स्टॉकमध्ये त्यांनी शंभराहून अधिक शर्यती जिंकल्या. रिची क्रॅम्प्टन ऑस्ट्रेलियातून आले, टीममध्ये काम करत राहिले, २०१४ मध्ये टॉप फ्युएलची सीट मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी इंडियानापोलिसची यू. एस. नॅशनल्स जिंकली.

काम शोधायचं असेल तर इंडियानातल्या ब्राउन्सबर्ग गावात बऱ्याच टीमची गॅरेज आहेत. मोठा ट्रक चालवण्याचा व्यावसायिक परवाना तुमच्याकडे असेल तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो, कारण प्रत्येक टीमला ट्रेलर देशभर न्यावा लागतो. वेल्डिंग येत असेल तर तेही लिहा. “मला चालक व्हायचंय” हे पहिल्याच भेटीत सांगू नका. एक मोसम झाल्यावर क्रू चीफ स्वतःच विचारतो. अमेरिकेचे नागरिक नसाल तर पर्यटक व्हिसावर पगारी काम करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

१०. पैसा कुठून येतो

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. बक्षिसाच्या रकमेवर प्रोफेशनल गाडी चालत नाही. फक्त चालवण्याचा पगार मिळणाऱ्या चालकांची संख्या फार थोडी. बाकीचे आपल्या धंद्यातून, कुटुंबाच्या टीममधून किंवा स्वतः आणलेल्या प्रायोजकाच्या जोरावर धावतात. सोळा वेळा फनी कारचे विजेते ठरलेले जॉन फोर्स आधी ट्रक चालवत होते, आणि त्यांची टीम त्यांच्या गाडी चालवण्याइतकीच बोलण्यावरही उभी राहिली.

स्पोर्ट्समन वर्गात कंटिन्जन्सी नावाचा प्रकार नीट समजून घ्या. एखाद्या कंपनीचं उत्पादन गाडीत वापरलं, तिचा स्टिकर ठरलेल्या जागी लावला, आधी नोंदणी केली आणि शर्यत जिंकली की ती कंपनी ठरलेली रक्कम देते. यातली एक अट चुकली तरी पैसे बुडतात, आणि बहुतेकांचे नोंदणी न केल्यामुळेच बुडतात. जिंकलेल्या गाडीचे स्टिकर तपासणीत बघतात, म्हणून शर्यतीआधीच, शुक्रवारी ते लावून घ्या.

प्रायोजकाकडे जाताना “मला मदत करा” असं पत्र नेऊ नका. त्याला काय मिळणार ते न्या. एनएचआरएच्या शर्यतीत प्रत्येक तिकीटधारकाला पिटमध्ये फिरता येतं. म्हणजे त्याचे ग्राहक गाडीला हात लावण्याइतके जवळ येतात, चालकाशी बोलतात, इंजिन सुरू होताना नायट्रोच्या वासाने डोळे पुसतात. किती पाहुणे आणायचे, कुठे बसवायचे, त्यांच्या विक्रेत्यांसाठी काय करायचं, हे एका पानात लिहा. गाडीवरची जागा शेवटी. पहिला करार स्थानिक पातळीवरच्या छोट्या धंद्याशी करा आणि मोसम संपल्यावर, मागितला नसला तरी, काय काय केलं याचा अहवाल द्या. दुसऱ्या वर्षीचा करार त्या अहवालावर होतो.

११. नायट्रो गाडीत बसल्यावर

हा टप्पा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला शरीरावर सुमारे ५ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट) जोर येतो आणि पॅराशूट उघडलं की जवळपास तेवढाच उलट्या दिशेने. मान आणि पोटाचे स्नायू तयार हवेत. चाकं धुराळली तर क्षणभर पाय सोडून पुन्हा दाबायचा, याला पेडलिंग म्हणतात. उशीर केला तर इंजिन फुटतं, घाई केली तर शर्यत जाते. इंजिन आवाज बदलतंय असं वाटलं तर सोडा. मालकाला हरलेली फेरी परवडते, फुटलेलं इंजिन नाही. शुक्रवार-शनिवार पात्रता फेऱ्या, रविवारी सोळा गाड्यांची बाद फेरी, जिंकायला चार फेऱ्या. अँट्रॉन ब्राउन मोटरसायकलवरून २००८ मध्ये टॉप फ्युएलमध्ये आले आणि २०१२ मध्ये विजेते झाले. त्यामुळे वर्ग बदलणं शक्य आहे, फक्त परवाना आणि धावा नव्याने कराव्या लागतात.

१२. सही करण्याआधी

सीटच्या बदल्यात पैसे मागणाऱ्या टीम असतात. त्यात गैर काही नाही, हा रूढ व्यवहार आहे. पण तोंडी कराराला इथे कवडीची किंमत नाही. वकिलाला दाखवा आणि पुढच्या गोष्टी कागदावर आहेत का ते बघा:

- किती शर्यती आणि किती चाचणी धावा. पावसाने शर्यत पुढे गेली तर ती मोजायची की नाही
- गाडी किंवा इंजिन फुटलं तर खर्च कुणाचा आणि कमाल किती. ही मर्यादा लिहिलेली नसेल तर सही करू नका
- तुमच्या प्रायोजकाला गाडीवर कोणती जागा, आणि टीमच्या आधीच्या प्रायोजकाशी त्याची स्पर्धा आहे का
- बक्षीस आणि कंटिन्जन्सीच्या रकमेत तुमचा वाटा
- पोशाख, हेल्मेट, बेल्ट आणि प्रवास कुणी द्यायचा
- मोसमाच्या मध्येच टीम बंद पडली तर उरलेले पैसे किती दिवसांत परत

आणि विमा. ट्रॅकचा आणि संस्थेचा विमा असतो, पण त्याची मर्यादा विचारून घ्या. तुमच्या स्वतःच्या आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या कागदात मोटार शर्यती वगळल्या आहेत का ते वाचा. वगळलेल्या असतील तर परवान्याच्या पहिल्या धावेआधीच वेगळा विमा काढून ठेवा.